हुमणी मारणारे सूत्रकृमी: न्यू जर्सी ते निफाड

नाशिक जिल्ह्यातल्या टोमॅटो, डाळिंब, द्राक्ष उत्पादकांना सूत्रकृमी, म्हणजे मातीतले दोऱ्यासारखे सूक्ष्म कृमी म्हटलं की मुळांवरच्या गाठीच आठवतात. त्यामुळे हुमणीसाठी, म्हणजे मुळं खाणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळीसाठी सूत्रकृमी सोडा, असं सांगितलं की पहिली शंका हीच येते. पण हे सूत्रकृमी फक्त किडींवर जगतात. पिकाच्या मुळांना ते त्रास देत नाहीत.

त्यांच्या वापराचा इतिहासही हुमणीपासूनच सुरू होतो. १९२९ साली अमेरिकेत न्यू जर्सीत जपानी भुंगेऱ्याच्या अळ्यांमध्ये शास्त्रज्ञ ग्लेझर यांना ते सापडले. पुढच्या काही वर्षांत त्यांनी ते कृत्रिम खाद्यावर वाढवून शेतात सोडलेही. पण कीड नेमकं कोण मारतं, हेच तेव्हा कळलं नव्हतं. सूत्रकृमी तोंडावाटे, गुदद्वारातून किंवा श्वसनरंध्रांतून अळीत शिरतो आणि पोटातला जिवाणू तिच्या रक्तात सोडतो. अळी मरते ती मुख्यतः या जिवाणूमुळे, तेही लहान असेल तर एक-दोन दिवसांत. जिवाणूचा हा उलगडा १९६०च्या दशकात झाला. तोवर डीडीटी आणि तिच्यामागून आलेल्या कीटकनाशकांमुळे हा विषय मागे पडला होता.

भारतात याच दशकात 'डीडी-१३६' हा सूत्रकृमीचा परदेशी वाण तपासला गेला. तो थंड प्रदेशातला, आपल्या उन्हाशी त्याचं जमणं कठीण. खरा फरक पडला तो कोइमतूरच्या मातीतून मिळालेल्या 'हेटेरोऱ्हॅब्डायटिस इंडिका'मुळे. १९९२ मध्ये नोंदवलेली ही जात उष्णता सोसते आणि जमिनीत फिरून भक्ष्य शोधते. खोल बसणाऱ्या हुमणीला नेमकी अशीच जात लागते. बंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोने तिची पाण्यात मिसळणारी भुकटी तयार केली.

वापर फसतो तो बहुधा वेळ चुकल्याने. वळवाच्या पावसानंतर भुंगेरे संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर जमतात आणि मग मातीत अंडी घालतात. त्यातून निघालेल्या लहान अळ्या जुलै-ऑगस्टमध्ये सापडतात, तेव्हाच सूत्रकृमी सोडावेत. मोठी झालेली हुमणी सहज मरत नाही. प्रमाण एकरी १०० कोटी, म्हणजे चौरस सेंटीमीटरला साधारण २५. आधी जमीन ओली करून संध्याकाळी आळवणी करावी, कारण ऊन आणि कोरडेपणा त्यांना मारतो. पंपाची बारीक जाळी काढावी आणि द्रावण सारखं ढवळावं, नाहीतर ते तळाशी बसतात. पुढे दोन आठवडे ओल टिकवावी. निफाडच्या काळ्या जमिनीत मात्र पाणी साचू देऊ नये. हवा मिळाली नाही की तेही गुदमरतात.

भुकटी घेतली की त्यातली चिमूटभर पाण्यात कालवून एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघावा. वळवळतात ते जिवंत. काडीसारखे सरळ, निश्चल पडलेले बहुतेक मेलेले. निम्मे तसे असतील तर ती भुकटी परत करावी.

या सूत्रकृमींमुळे मेलेली हुमणी विटकरी लाल होते आणि कुजल्यासारखी घाण येत नाही. अशा अळ्या वेचून फेकू नयेत, मातीतच राहू द्याव्यात. दोनेक आठवड्यांत त्यांतूनच लाखोंनी नवे सूत्रकृमी बाहेर पडतात.