मालदीव: खाऱ्या पाण्यावर तरंगणारे गोडे पाणी

सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट आणि मालदीवचा पाया एकाच भट्टीतून निघाले आहेत. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थर ओतणारा तप्तबिंदू (भूगर्भातून तप्त खडक वर येत राहतो ती जागा) जवळपास होता तिथेच राहिला आणि भारतीय भूपट्ट त्याच्यावरून उत्तरेला सरकत गेला. लक्षद्वीप, मालदीव, छागोस ही रांग त्याच प्रवासात तयार झाली. आज तो तप्तबिंदू रियुनियन बेटाखाली आहे. मालदीवजवळच्या समुद्रतळातून काढलेल्या बेसॉल्टचे वय साधारण 5.7 कोटी वर्षे भरले.

ज्वालामुखी थंड होऊन खचत गेले आणि त्यांच्या माथ्यावर प्रवाळ वाढत राहिले. प्रवाळांना उजेड लागतो, म्हणून पाया जितका खाली जाईल तितकी त्यांची भिंत वर चढते. आज बेसॉल्टवर चुनखडीचा दोन किलोमीटरहून जाड थर आहे. त्यावर 26 कंकणद्वीपे (मधल्या उथळ पाण्याभोवतीची प्रवाळांची कडी) आणि त्यांच्या कडेने सुमारे 1,190 बेटे. सगळी मिळून जमीन अंदाजे 298 चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या निम्मीच. बहुतेक जमीन समुद्रसपाटीपासून दीड मीटरच्या आतबाहेर.

नदी नाही, डोंगर नाही, तरी माणसे इथे दोन हजार वर्षांहून अधिक काळ राहिली, ती वाळूत मुरलेल्या पावसाच्या भरवशावर. समुद्राच्या पाण्याची घनता 1.025, गोड्याची 1. त्यामुळे मुरलेले पाणी खाऱ्यात बुडून न जाता त्यावर भिंगाच्या आकारात तरंगते. हिशेब असा: भूजलाची पातळी समुद्रापेक्षा 1 सेंटिमीटर वर असेल, तर त्याखाली तात्त्विकदृष्ट्या 40 सेंटिमीटर गोडे पाणी असते. प्रत्यक्षात भरती-ओहोटीने मधला थर मचूळ होतो आणि भिंग याहून पातळ भरते. बेट अरुंद असेल तर ते जवळजवळ तयारच होत नाही.

हेच गणित उलटेही चालते. पंप लावून पातळी 10 सेंटिमीटर उतरवली, की खालचे खारे पाणी हळूहळू 4 मीटर वर येऊ पाहते. म्हणून अशा बेटावर एक खोल बोअर मारण्यापेक्षा उथळ विहिरी पसरून खणाव्यात आणि प्रत्येकीतून थोडेच उपसावे. दुसरा धोका सांडपाण्याचा. प्रवाळाची वाळू पाणी गाळत नाही, सरळ जाऊ देते. शोषखड्डा आणि विहीर एकाच अंगणात असली की खड्ड्यातले विहिरीत उतरते. 1978 ची कॉलऱ्याची साथ अशाच दूषित पाण्याची होती. दाट वस्तीच्या राजधानीत, मालेत, तर बेसुमार उपशाने भिंगच संपले. आता तिथे समुद्राचे पाणी गोडे करून नळाला सोडतात. 4 डिसेंबर 2014 ला त्या प्रकल्पात आग लागली आणि लाखभर लोकांचे नळ कोरडे पडले. भारताने विमाने आणि नौदलाची जहाजे भरून पाणी पाठवले.

2004 च्या त्सुनामीत वेगळेच घडले. बेटांभोवती खंडमंच, म्हणजे किनाऱ्यालगतचा उथळ समुद्रतळ, नाही, कडा एकदम खोल जातात. त्यामुळे लाट आपल्या पूर्व किनाऱ्यासारखी उंच चढली नाही, पण कित्येक बेटांवरून आरपार वाहत गेली आणि विहिरी खारट करून गेली. पुढच्या पावसांनी मीठ खाली ढकलेपर्यंत थांबण्याखेरीज फारसा इलाज नव्हता.

इतिहास थोडक्यात. आधी बौद्ध असलेल्या या देशाने परंपरेनुसार 1153 मध्ये इस्लाम स्वीकारला. इथल्या कवड्या बंगालमध्ये चलन म्हणून चालत आणि परतीच्या जहाजात तांदूळ येई. भात न पिकवणाऱ्या देशाला तो व्यापार जीवनावश्यकच होता. 1558 ते 1573 पोर्तुगीजांचा अंमल, 1887 पासून ब्रिटिशांचे संरक्षण, 26 जुलै 1965 ला स्वातंत्र्य. 11 नोव्हेंबर 1968 ला सुलतानशाही जाऊन प्रजासत्ताक आले. मौमून अब्दुल गयूम 1978 पासून तीस वर्षे अध्यक्ष होते. 2008 च्या राज्यघटनेनंतर बहुपक्षीय निवडणुका सुरू झाल्या. त्याच घटनेत बिगरमुस्लिमाला नागरिकत्व मिळू शकत नाही, हेही नमूद आहे.

अध्यक्ष थेट मतदानाने पाच वर्षांसाठी निवडला जातो. कुणालाच निम्म्याहून अधिक मते मिळाली नाहीत तर पहिल्या दोघांत दुसरी फेरी होते. संसदेला मजलिस म्हणतात. तिच्या जागा ठरवण्याची रीत भूगोलाला धरून आहे: प्रत्येक प्रशासकीय विभागाला पहिल्या 5,000 नोंदणीकृत रहिवाशांमागे दोन सदस्य आणि पुढच्या दर 5,000 मागे एक. छोट्या दूरच्या विभागाचा आवाज यामुळे टिकतो. 2009 मध्ये 77 असलेल्या जागा 2024 मध्ये 93 झाल्या.

एवढे असूनही लोक मालेकडेच येतात, कारण मोठी रुग्णालये आणि उच्च शिक्षण तिथे एकवटले आहे. म्हणून 1997 पासून शेजारच्या खारकच्छात, म्हणजे प्रवाळकड्याच्या आतल्या उथळ पाण्यात, वाळू उपसून हुलहुमाले हे बेट उभे केले. ते मालेपेक्षा उंच, साधारण 2 मीटर. मात्र उपशाने उडालेला गाळ आसपासच्या प्रवाळांवर बसतो, उजेड अडतो आणि प्रवाळांचा खडक मरतो. लाटा फोडणारा आणि नवी वाळू पुरवणारा खडक तोच असतो. तो गेल्यावर काँक्रीटच्या लाटारोधक भिंती बांधाव्या लागतात, आणि सिमेंट परदेशातून आणावे लागते.