बोग्दानोव्ह, मोदेस्त निकोलायेविच

(1841–1888). रशियन प्राणिवैज्ञानिक, पक्षिविज्ञ, समन्वेषक आणि मुलांसाठी निसर्गलेखन करणारे लेखक. जन्म व्होल्गाकाठच्या सिंबिर्स्क प्रांतातील रुस्काया बेक्शांका या खेड्यात. शिक्षण कझान विद्यापीठात झाले. त्या काळात तेथे निकोलाय वाग्नर प्राणिशास्त्राचे अध्यापन करीत. गादमाशीच्या कुळातील काही कीटकांच्या अळ्या प्रौढ न होताच प्रजनन करतात, हे वाग्नर यांनी दाखवून दिले होते. ‘मांजर मुर्लिका’ या टोपणनावाने त्यांनी परीकथाही लिहिल्या.

1868 ते 1870 या काळात बोग्दानोव्ह यांनी व्होल्गा खोऱ्याची पाहणी केली. तिच्यावर आधारलेला पक्षी व सस्तन प्राण्यांविषयीचा ग्रंथ 1871 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या उपशीर्षकात ‘जैवभौगोलिक’ हा शब्द आहे, आणि रशियातील प्राणिभूगोलाच्या आरंभीच्या ग्रंथांत त्याची गणना केली जाते. निव्वळ जातींची यादी देऊन न थांबता काळ्या मातीचा पट्टा आणि नदीचे खोरे यांच्याशी प्राण्यांचे नाते जोडून पाहणे, ही त्याची खरी थोरवी. पुढे बोग्दानोव्ह सेंट पीटर्झबर्गला आले. तेथे विज्ञान अकादमीच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात आणि नंतर विद्यापीठात प्राध्यापक म्हणून त्यांनी काम केले.

1871 मध्ये कॉकेशस (त्यावरील पक्षिग्रंथ 1879), 1873 मध्ये रशियन जनरल कौफमान यांची मध्य आशियातील खीवा मोहीम, 1874 मध्ये अरल-कॅस्पियन मोहीम आणि 1880 मध्ये उत्तरेचा मुर्मान किनारा, असे त्यांचे प्रमुख प्रवास होत. खीवा मोहीम ही लष्करी चढाई होती. तीत सैन्याबरोबर जाऊन त्यांनी केलेली निरीक्षणे खीवा मरूद्यान व किझिलकुम वाळवंट यांवरील ग्रंथात (ताश्कंद, 1882) आली आहेत.

वर्गीकरणात त्यांचे नाव टिकले ते मुख्यतः खाटीक (लॅनियस) पक्ष्यांमुळे. रशियातील खाटकांवरील त्यांचा प्रबंध 1881 मध्ये अकादमीने प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी ग्रिम्मी, प्रझेवाल्स्की, करेलिनी अशी अनेक रूपे निराळी मानून त्यांना नावे दिली. पैकी ‘ग्रिम्मी’ हे नाव अरल-कॅस्पियन मोहिमेतील सहकारी ऑस्कर ग्रिम यांच्यावरून आले. आज यांतील बहुतेक नावे स्वतंत्र जाती म्हणून मानली जात नाहीत. ‘करेलिनी’चा प्रश्न मात्र अद्याप पुरता मिटलेला नाही. मध्य आशियातील तुर्कस्तानी खाटकाच्या (लॅनियस फिनिक्युरॉइडिस) नमुनेदार नराची टोपी (डोक्याचा वरचा भाग) तांबूस, पाठ तपकिरी-राखाडी आणि शेपटी तांबूस असते. ‘करेलिनी’ म्हटल्या जाणाऱ्या नराची शेपटी तशीच तांबूस असली, तरी टोपी व पाठ फिकट राखाडी असतात. काहींच्या मते हा संकराचा परिणाम होय, तर काही त्यास त्याच जातीचे फिकट रूप समजतात. नमुनेदार पक्ष्यांच्या प्रदेशातच, सखल व रखरखीत भागांत ही रूपे मिसळून आढळतात, हे ध्यानात घेता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. या गटातील काही पक्षी हिवाळ्यात भारताच्या वायव्य भागात उतरतात. त्यांच्या ओळखीचा गोंधळ म्हणूनच आपल्याकडील निरीक्षकांनाही परिचित आहे.

1886 मध्ये रशियन पक्षिविज्ञ व्हालेन्तिन बिआंकी यांनी एका खाटकाला ‘बोग्दानोवी’ हे नाव देऊन बोग्दानोव्ह यांचा गौरव केला. हा पक्षी लालपाठ्या खाटीक आणि तुर्कस्तानी खाटीक यांच्या संकरातून आलेला आहे, असे आता सर्वसाधारणपणे मानतात. असे संकरित पक्षी उत्तर इराणपासून कझाकस्तानपर्यंत विखुरलेले आहेत. याच बिआंकींचे पुत्र विताली पुढे मुलांचे निसर्गलेखक म्हणून ख्यातकीर्त झाले.

रशियन साम्राज्यातील सर्व पक्ष्यांची सूची करण्याचे काम बोग्दानोव्ह यांनी हाती घेतले होते. तिचा पहिला भाग 1884 मध्ये निघाला, पण पुढील काम त्यांच्या हयातीत तडीस गेले नाही.

त्यांचे बालसाहित्य थोडे असले तरी मोलाचे आहे. मिर्स्किये झाख्रेबेत्निकी (मराठी शीर्षक गावाच्या जिवावर जगणारे) या पुस्तकात माणसाच्या आसऱ्याने राहणाऱ्या प्राण्यांची शब्दचित्रे आहेत. वाळवंट तुडवून आलेल्या माणसाने वळचणीच्या चिमणीकडेही तितक्याच बारकाईने पाहावे, हे त्यांचे वैशिष्ट्य. प्राण्यांच्या तोंडी उपदेश घालण्याची चाल त्या काळी रूढ होती. या चित्रांत मात्र प्राण्यांचा दिनक्रम, अन्न आणि घरटे यांनाच प्राधान्य आहे.

मार्च 1888 मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या कथा व लेखांचा इझ झिझ्नी रुस्कोय प्रिरोदी (मराठी शीर्षक रशियन निसर्गाच्या जीवनातून) हा संग्रह 1889 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वाग्नर यांनी लिहिलेले त्यांचे चरित्र समाविष्ट आहे.