पिंपरी-चिंचवड पुण्याचं उपनगर नाही

पेठा आणि उपनगरं यांत कुणाचा घोळ होत नाही. कसबा, सदाशिव, नारायण म्हणजे गाव. कोथरूड, हडपसर, धनकवडी ही उपनगरं. पेठेतले काही काका अजून कोथरूडला 'गावाबाहेर' म्हणतात, ते सोडा.

घोळ होतो तो उपनगर आणि शेजारचं शहर यांत. 'पिंपरी-चिंचवड हे पुण्याचं उपनगर' हे फ्लॅटच्या जाहिरातीत असतं, आणि खुद्द चिंचवडकरांच्या तोंडीही ऐकू येतं. नाही हो! उपनगर म्हणजे त्याच महापालिकेच्या हद्दीत, जुन्या गावाबाहेर वाढलेली वस्ती. पुणे महापालिका १९५० ची. पिंपरी-चिंचवडला १९८२ पासून स्वतःची महापालिका आहे. महापौर वेगळा, मिळकतकराचं बिल वेगळं, पाणी खडकवासल्याचं नाही तर पवनेचं. २०१८ पासून पोलीस आयुक्तही वेगळे.

फसवतं ते अंतर. बोपोडीहून हॅरिस पूल ओलांडून दापोडीत उतरलात की शहर बदललं. खालची मुळा हीच हद्द. दापोडीत कचरा उचलला नाही म्हणून शिवाजीनगरच्या महापालिका भवनात कितीही खेटे घाला, तिथला कारकून पिंपरीचाच रस्ता दाखवणार. उलट वाघोली शनिवारवाड्यापासून दापोडीपेक्षा कितीतरी लांब, पण २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आली, म्हणून ती उपनगर. पिनकोडची सुरुवात ४११ ने, फोनचा कोड ०२०, जिल्हा पुणे आणि २००७ पासून बसही एकच, पीएमपी. मग पत्ता पुण्याचाच वाटणार. पण हद्द काही टपाल खातं ठरवत नाही.

'पुण्याचं आयटी उपनगर हिंजवडी' ही तर शुद्ध बिल्डरी भाषा. ते आयटी पार्क उभं राहिलं मुळशी तालुक्यातल्या ग्रामपंचायतींच्या हद्दीत.

मुंबईकरांना हे सांगावं लागत नाही. अंधेरी-बोरिवली उपनगरं, ठाणे वेगळं शहर, मग लोकल एकच का असेना. ठाण्याला मुंबईचं उपनगर म्हणून बघा, ठाणेकर भांडायला उठेल. पिंपरीकर मात्र निमूट ऐकून घेतो, याचं मला नवल वाटतं.

फुरसुंगी आणि उरुळी देवाचीबद्दल बोलताना तर सालही विचारून घ्या. २०१७ मध्ये ही गावं पुणे महापालिकेत आली आणि २०२४ मध्ये वेगळी नगरपरिषद होऊन बाहेरही पडली.