फर्लो वेगळी, पॅरोल वेगळा

जन्मठेपेचा कैदी गावात दिसला की लोक म्हणतात, "पॅरोलवर सुटलाय." तो सुटलेला नसतो, आणि बरेचदा पॅरोलवरही नसतो. महाराष्ट्रात या रजांचे नियम मुळात १९५९ सालचे, पुढे वेळोवेळी दुरुस्त झालेले. त्यांत रजा दोन: संचित रजा म्हणजे फर्लो आणि अभिवचन रजा म्हणजे पॅरोल. जामिनाशी दोन्हींचा संबंध नाही. जामीन मुख्यतः खटला चालू असलेल्यांचा, या रजा शिक्षा झालेल्यांच्या.

फर्लोला कारण द्यावं लागत नाही. ठरावीक शिक्षा भोगून झाली, वागणूक चांगली राहिली, की अर्ज करता येतो. वर्षानुवर्षं आत असलेल्या माणसाचं घर तुटू नये, एवढाच हेतू. पॅरोलला मात्र कारण हवंच: आईवडील, जोडीदार किंवा मुलाबाळांचं गंभीर आजारपण, बायकोचं बाळंतपण, पुरात किंवा भूकंपात पडलेलं घर. जवळचं माणूस गेलं तर तातडीचा पॅरोल असतो.

खरी मेख दिवसांच्या हिशेबात आहे. फर्लोचे दिवस शिक्षेत धरले जातात, पॅरोलचे नाहीत. महिनाभर पॅरोल घेतला तर तो महिना पुढे आत काढावाच लागतो. भरपगारी आणि बिनपगारी रजेसारखंच हे. म्हणजे ज्याच्या घरी संकट, त्यालाच रजा महाग! मला हे उफराटं वाटतं, पण नियम स्पष्ट आहे. करोनाकाळात, मे २०२० मध्ये, राज्याने गर्दी कमी करण्यासाठी आधी ४५ दिवसांचा आणि मग ३०-३० दिवसांनी वाढणारा आकस्मिक पॅरोल दिला. तेव्हाचा बाहेरचा काळ शिक्षेत धरायचा नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली हरियाणातल्या एका प्रकरणात सांगितलं.

कारण लागत नाही म्हणून फर्लो हक्काची ठरत नाही. १९५९ चे हेच नियम गुजरातेतही चालतात. तिथल्याच नारायण साईच्या (आसारामचा मुलगा, बलात्काराच्या गुन्ह्यात जन्मठेप झालेला) प्रकरणात २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने फर्लो हा निरपवाद हक्क नसल्याचं म्हटलं आणि ती नाकारली. एरवी बऱ्याच अर्जांचं घोडं पोलिसांच्या प्रतिकूल अहवालापाशी अडतं. मग कैद्याचे घरचे वकील गाठून उच्च न्यायालयात याचिका टाकतात.