'राइसर' शब्दावरचा वाद : पार्श्वभूमी

अमेरिकेत, विशेषतः कॅलिफोर्नियात, गाड्यांच्या मेळाव्यांत 'राइसर' (इंग्रजी 'राइस' म्हणजे भात; नुसत्या देखाव्यासाठी बदललेली, बहुधा जपानी गाडी किंवा तिचा चालक) हा शब्द चालू द्यावा की नाही यावरचा वाद दर काही वर्षांनी पुन्हा पेटतो. चालू द्या म्हणणाऱ्यांचा पहिला मुद्दा ठरलेला असतो. त्यांच्या मते हा शब्द 'रेस इन्स्पायर्ड कॉस्मेटिक एन्हान्समेंट' (शर्यतीच्या गाडीसारखी वरवरची सजावट) याच्या आद्याक्षरांवरून आला, त्याचा वंशाशी काही संबंध नाही, आणि गोऱ्या मुलाच्या सिव्हिकलाही (होंडाची छोटी गाडी) लोक तेच म्हणतात. हे मनापासून खरे मानणारे पुष्कळ आहेत. पण ते खरे नाही, आणि ते कालक्रमावरूनच कळते.

आद्याक्षरांची ही फोड इंटरनेट आल्यावर पसरली. 'राइस बर्नर' (भात जाळणारी) असे मात्र १९७०च्या दशकातच होंडा, कावासाकी, यामाहाच्या मोटरसायकलींना उद्देशून सर्रास म्हटले जात होते. त्या मोटरसायकली कारखान्यातून आल्या तशाच असायच्या. त्यांना स्पॉयलर नव्हता, खोटी हवाछिद्रे नव्हती, 'कॉस्मेटिक' म्हणावे असे काहीच नव्हते. शब्दाचा रोख होता तो भात खाणाऱ्या माणसावर. मोटरसायकलीवरून हा शब्द छोट्या जपानी गाड्यांवर आला, गाड्यांवरून त्या चालवणाऱ्या मुलांवर आला, आणि तो बोचू लागल्यावर आद्याक्षरांचा खुलासा मागून चिकटवला गेला.

हिणवण्यासाठी भाताचा हा वापर मोटारींहून जुना आहे. चिनी मजुरांना अमेरिकेत प्रवेशबंदी करणारा कायदा १८८२चा. १९०२ मध्ये त्याची मुदत वाढवण्याचा प्रश्न आला, तेव्हा एका मोठ्या कामगार महासंघाच्या पुस्तिकेच्या शीर्षकातच 'मांस विरुद्ध भात' अशी लढत मांडलेली होती आणि मांसाच्या बाजूने 'अमेरिकी पुरुषत्व' उभे केलेले होते. युक्तिवाद असा, की भातावर जगणारा माणूस इतक्या कमी मजुरीत राबतो की मांस खाणाऱ्याचा त्याच्यापुढे टिकाव लागत नाही. स्वस्त, हलके, थोडक्यात भागवणारे, म्हणून कमअस्सल. पुढे जपानी मोटरसायकलींवर झालेले आरोप याच चार शब्दांत मावतात. हे साम्य योगायोग म्हणून सोडून देण्यासारखे नाही.

१९७३च्या तेलसंकटानंतर छोट्या जपानी गाड्यांचा खप वाढला आणि अमेरिकी मोटार उद्योगाचे केंद्र असलेल्या डेट्रॉइटमध्ये कामगारकपात सुरू झाली. १९८१ मध्ये जपानने निर्यातीवर वर्षाला १६.८ लाख गाड्यांची 'स्वेच्छा' मर्यादा मान्य केली. १९८३ मध्ये ७०० सीसीच्या वरच्या आयात मोटरसायकलींवरचे शुल्क ४.४ टक्क्यांवरून ४९.४ टक्क्यांवर नेले गेले. कामगार संघटनांच्या पार्किंगमध्ये परदेशी गाड्या लावू नका अशा पाट्या लागल्या. याच वातावरणात, जून १९८२ मध्ये, डेट्रॉइटला लागून असलेल्या हायलंड पार्कमध्ये २७ वर्षांच्या एका तरुण ड्राफ्ट्समनला बेसबॉलच्या बॅटने मारहाण झाली आणि चार दिवसांनी त्याचा मृत्यू झाला. मारणाऱ्या दोघांपैकी एक मोटार कारखान्यात पर्यवेक्षक होता, दुसऱ्याची नोकरी गेलेली होती. तुमच्यामुळे आमच्या नोकऱ्या गेल्या, असे म्हटल्याचे ऐकल्याची साक्ष झाली. मेलेला तरुण जपानी नव्हताच, चिनी वंशाचा अमेरिकन होता. राज्याच्या न्यायालयाने दोघांना तीन वर्षांचे प्रोबेशन आणि ३,००० डॉलर दंड सुनावला, तुरुंगवास नाही. 'चेष्टाच तर आहे' असे म्हणणाऱ्यांना ही घटना माहीत असायला हवी, कारण गाडीचा देश आणि माणसाचा चेहरा एकच समजला की काय होते ते इथे दिसले.

पुढचा अध्याय दक्षिण कॅलिफोर्नियाचा. गार्डिना, टॉरन्स, सॅन गॅब्रिएल खोरे या भागांतल्या आशियाई-अमेरिकी मुलांनी १९८०च्या अखेरीस होंडाच्या सिव्हिक आणि सीआरएक्स वेगवान करायला घेतल्या. १९९० मध्ये पामडेलच्या ड्रॅग स्ट्रिपवर (सरळ रेषेतल्या शर्यतीच्या धावपट्टीवर) केवळ आयात गाड्यांची शर्यत भरली. त्या काळचे काम बारकाईने पाहिले तर 'नुसता देखावा' हा आरोप टिकत नाही. १९९२ ते ९५च्या साध्या सिव्हिकमध्ये १.५ लिटरचे १०२ हॉर्सपॉवरचे इंजिन येई. त्या जागी जपानी बाजारातले बी१६ए, म्हणजे १.६ लिटरचे साधारण १६० हॉर्सपॉवरचे इंजिन बसवायचे. त्यासाठी होंडाच्या बी मालिकेच्या इंजिनांचे माउंट ब्रॅकेट, त्याच मालिकेचे ड्राइव्ह शाफ्ट आणि गिअर लिंकेज, पी३० ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) लागे, आणि व्हीटेक (वेग वाढला की झडपा जास्त उघडणारी होंडाची यंत्रणा) सोलेनॉइड, ऑइल प्रेशर स्विच व नॉक सेन्सर यांच्या तारा हाताने ओढाव्या लागत. प्रेशर स्विचची तार राहिली किंवा चुकीच्या पिनला गेली, तर ईसीयूला तेलाचा दाब आल्याचे कळत नाही. तो वरच्या आरपीएमची कॅम (झडपा उघडणारा भाग) बंद ठेवतो आणि चेक इंजिनचा दिवा लावतो. गाडी चालते, पण नवे इंजिन जुन्यासारखेच मंद वाटते. सुमारे एक टनाच्या गाडीत हे काम नीट जमले, तर तिने अनेक व्ही८ (आठ सिलिंडरच्या मोठ्या इंजिनाच्या) गाड्यांची बरोबरी केली. वाईट काम करणारेही होते, जसे प्रत्येक काळात, प्रत्येक वंशात असतात.

शिक्का मारण्याच्या सवयीने तांत्रिक चर्चाही बिघडवली. गाडी खाली बसवण्यासाठी स्प्रिंग कापणे खरोखर चूक आहे, पण का, हे 'राइस' म्हटल्याने कळत नाही. सहा कार्यरत वेटोळ्यांतले एक कापले की स्प्रिंग २० टक्क्यांनी कडक होते. शॉक ॲब्सॉर्बर तोच राहतो, त्याची चाल कमी उरते आणि तो बंप स्टॉपवर (शेवटच्या रबरी अडथळ्यावर) आदळू लागतो. चाक पूर्ण खाली लटकले की सैल झालेली स्प्रिंग बैठकीतून सरकू शकते. टायरची आतली कड झिजते त्याचे खापर कॅम्बरवर (चाकाच्या उभ्या तिरकेपणावर) फोडले जाते, मुख्य दोष बहुतेकदा बिघडलेल्या टोचा (चाक आत-बाहेर वळलेले असण्याचा कोन) असतो. सायलेन्सरचेही तसेच. १६० हॉर्सपॉवरच्या टर्बो नसलेल्या इंजिनाला ५७ ते ६० मिलिमीटरचा पाइप पुरतो; ७५ मिलिमीटरने फक्त घोंगावणे वाढते, आणि कॅलिफोर्नियात ९५ डेसिबलची मर्यादा आहे.

मागच्या विंगबद्दल (हवेच्या दाबाने गाडी खाली दाबणाऱ्या पंखाबद्दल) तर शिक्का सरळ चुकीचे शिकवतो. 'पुढची चाके ओढणाऱ्या गाडीला मागे विंग कशाला' हा ठरलेला टोमणा. शहरातल्या वेगाला तिचा उपयोग नाही हे खरे, कारण दाब वेगाच्या वर्गाने बदलतो आणि ताशी ५० किलोमीटरला तो १००च्या एक चतुर्थांश असतो. पण अशा गाडीचे साठ टक्क्यांहून अधिक वजन पुढे असते. जोरात ब्रेक मारताना किंवा वेगात वळताना मागची चाके हलकी होतात आणि गाडीचा मागचा भाग निसटतो. म्हणून फ्रंट व्हील ड्राइव्हच्या शर्यतीच्या गाड्यांना मागे विंग असते. ज्याने हे टोमण्यातून शिकले, त्याला हे कारण कधी कळलेच नाही.

कायद्याच्या चौकटीनेही प्रतिमेला हातभार लावला. कॅलिफोर्नियात १९७५ किंवा त्याआधीच्या गाड्या दर दोन वर्षांच्या धूरतपासणीतून मोकळ्या आहेत. त्यामुळे १९६९च्या कॅमेरोत तीव्र कॅम बसवणाऱ्याला तपासणी केंद्राची पायरी चढावी लागत नाही. १९९४च्या सिव्हिकवाल्याला मात्र साध्या इनटेकवरही (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीवरही) मंजुरी क्रमांकाचे स्टिकर दाखवावे लागते. बदललेले इंजिन गाडीच्याच वर्षाचे किंवा नंतरचे असावे आणि त्याची सगळी प्रदूषण यंत्रणा सोबत असावी, अशी अट आहे. जपानी बाजारातली इंजिने यात अडकली. एकच छंद, पण 'बेकायदा' हा शब्द एकाच गटाला चिकटला. मेक्सिकन-अमेरिकी लोरायडरवाल्यांनी (जमिनीलगत उतरवलेल्या गाड्यांच्या शौकिनांनी) हे आधीच भोगले होते. रिमच्या खालच्या कडेपेक्षा गाडीचा कोणताही भाग खाली नको, हा राज्याचा नियम १९५०च्या दशकाच्या अखेरचा. तो आणि शहरांनी केलेल्या क्रूझिंगबंद्या (रस्त्यावरून गाडी सावकाश मिरवण्यावरच्या बंद्या) १ जानेवारी २०२४ पासून रद्द झाल्या.

२००१ मध्ये रस्त्यावरच्या शर्यतींवरचा एक हॉलिवूडपट गाजला आणि हा छंद देशभर पोहोचला, त्याच्यासोबत शब्दही. आशियाई माणसाला गाडी चालवता येत नाही आणि आशियाई मुलगा बेफाम शर्यती लावतो, या परस्परविरोधी समजुती तेव्हापासून एकाच तोंडी ऐकू येतात. पुढे शब्द संगणकांत शिरला. लिनक्स या संगणक प्रणालीचा डेस्कटॉप सजवण्याला काही लोक आजही 'राइसिंग' म्हणतात, बहुधा उगम न जाणता.

आता बंदीचा प्रश्न. आशियाई-अमेरिकी चाहत्यांतही एकमत नाही: काहींनी शब्द आपलासा करून स्वतःसाठी वापरला, काहींना तो शाळेतल्या छळाची आठवण देतो. शब्दांची यादी करून घातलेली बंदी फसते. यादी आली की स्पेलिंग बदलते, उच्चाराची नक्कल सुरू होते, आणि नियम मोडलाच नाही असा दावा होतो. टिकतो तो वागणुकीवरचा नियम: गाडीवर टीका करताना चालकाचा वंश, आहार, उच्चार यांचा उल्लेख नको, आणि टीका करणाऱ्याने भाग व दोष सांगावा. २०२० मध्ये स्टॉक कार शर्यतींच्या संस्थेने (नॅस्कार) कॉन्फेडरेट ध्वजावर (गुलामगिरीसाठी लढलेल्या दक्षिणी राज्यांच्या ध्वजावर) बंदी घातली तेव्हाही मैदानाबाहेरचे फडकणे लगेच थांबले नाही. पण आत संस्था कोणाच्या बाजूने आहे ते स्पष्ट झाले, आणि ते आवश्यक होते.

प्रत्यक्ष मेळाव्यात शब्द कानावर आला तर आधी विचारावे: कुठला भाग, काय चुकले? बहुतेकांकडे उत्तर असते, आणि संभाषण कामावर येते. आद्याक्षरांचा खुलासा पुढे आला तर मोटरसायकलींचा काळ सांगावा, एका वाक्यात. तिथे उभ्या असलेल्या आशियाई सदस्याला 'तुला वाईट वाटलं का' असे सर्वांदेखत विचारू नये. अपमान सिद्ध करायचे ओझे त्याच्यावर पडते. पुन्हा तेच झाले तर बाजूला घेऊन समज द्यावी, तिसऱ्यांदा मेळाव्यातून बाहेर काढावे. माइकवर बोलणाऱ्याला नियम आधी द्यावा, कारण त्याचा एक शब्द सगळ्या मैदानाला परवानगी देतो. परीक्षकांच्या गुणपत्रिकेत 'अभिरुची' हा रकाना नको. पॅनेलमधली फट, वेल्डिंग, वायरिंगची बांधणी, बोल्ट, चाक आणि फेंडरमधले अंतर, टायरची भारक्षमता असे मोजता येणारे रकाने असावेत.