डाग पडला म्हणजे रिसेप्टर सापडला असं नसतं

आमच्या शिराळ्याकडं अँटीबॉडी हे नाव कुणी घेत नाही पण काम सगळ्यांना माहितीय. साप चावल्यावर दवाखान्यात जे इंजेक्शन देतात ना, त्यात घोड्याच्या अँटीबॉडीच असतात, घोड्याला विष थोडं थोडं टोचत राहायचं, त्याचं शरीर विषाला धरणारी प्रोटीन्स बनवतं आणि ती रक्तातून वेगळी काढायची. मेंदूवर काम करणाऱ्या लॅबसाठी पण हाच उद्योग चालतो, फक्त घोड्याच्या जागी बऱ्याचदा ससा आणि विषाच्या जागी रिसेप्टरचा, म्हणजे पेशीवर बसून निरोप घेणाऱ्या प्रोटीनचा, तुकडा.

डोपामिन या मेंदूतल्या निरोप्या रसायनाचा डी-2 रिसेप्टर घ्या. स्किझोफ्रेनियाची बहुतेक औषधं यालाच अडवतात, त्यामुळं तो मेंदूत नेमका कुठं आहे हे बघायची सगळ्यांनाच घाई. पण हे प्रोटीन पेशीच्या पडद्यातून 7 वेळा आरपार जातं, अख्खं सुटं काढणं महाकठीण, म्हणून त्यातला 15-20 अमिनो अ‍ॅसिडचा तुकडा लॅबमध्ये बनवतात. तो इतका बारका की सशाचं शरीर त्याची दखलच घेत नाही, मग त्याला एका समुद्री गोगलगायीच्या रक्तातल्या दांडग्या प्रोटीनला जोडून टोचतात (हे पहिल्यांदा कुणाला सुचलं असेल देव जाणे).

पुढं उंदराच्या मेंदूचा पातळ काप काचेवर घ्यायचा, त्यावर ही अँटीबॉडी घालून रात्रभर फ्रीजमध्ये, सकाळी धुवायचं, मग सशाच्या अँटीबॉडीला धरणारी शेळीची अँटीबॉडी, तिला एन्झाइम जोडलेलं असतं, वरून केमिकल टाकलं की जिथं अँटीबॉडी चिकटलीय तिथं काही मिनिटांत काप तपकिरी व्हायला लागतो. डी-2 भरपूर असलेल्या स्ट्रायटम नावाच्या भागात रंग गडद आला की सगळे खूश.

खरी भानगड इथंच आहे. सापाच्या इंजेक्शनात नाग, मण्यार, घोणस, फुरसं चौघांचा बंदोबस्त एकत्र असतो आणि तेच हवं असतं, इथं मात्र अँटीबॉडीनं एकालाच धरायला पाहिजे, डोपामिनचाच दुसरा रिसेप्टर डी-3 दिसायला जवळपास तसाच असला तरी त्याला सोडायला पाहिजे. तपासायची सगळ्यात भक्कम पद्धत म्हणजे ज्या उंदरात त्या रिसेप्टरचा जीनच काढून टाकलाय त्याचा मेंदू रंगवून बघायचा, तिथं डाग यायलाच नको. 2009 मध्ये अ‍ॅड्रिनर्जिक, मस्कॅरिनिक अशा दुसऱ्या रसायनांच्या रिसेप्टरांच्या बाजारातल्या बऱ्याच अँटीबॉडी अशा तपासल्या तर कितीतरी कुप्या नापास, रिसेप्टर नाही तरी डाग तोच!

असे उंदीर आपल्या सांगली-मिरजेच्या कॉलेजात कुठून आणायचे, तर दुसरा मार्ग आहे, मूळात डी-2 नसलेल्या पेशी वाढवायच्या, निम्म्यांत त्याचा जीन घालायचा आणि दोन्ही शेजारी शेजारी रंगवायच्या, मग डी-3 घातलेल्या पेशींवर पण तेच. काही जण सोपं काम करतात, अँटीबॉडीत तोच टोचलेला तुकडा आधी मिसळतात आणि डाग गेला की पास म्हणतात, पण चुकीच्या प्रोटीनला चिकटणारी अँटीबॉडी पण त्या तुकड्यानं अडतेच की, त्यामुळं माझ्या मते त्या टेस्टवर विसंबून हजारो रुपयांची कुपी मागवू नये.