ऊसतोडीच्या फडात शुगरची गोळी

आपल्याकडं अजून पण लोक म्हणतात की शुगर म्हणजे बसून खाणाऱ्यांचा आजार, मास्तर, व्यापारी, साहेब लोकांना होतो, रानात राबणाऱ्याला कुठली आली शुगर. हे डोक्यातून काढणं लई गरजेचं आहे, कारण या एका समजुतीपायी कितीतरी माणसं तपासायलाच जात नाहीत. आयसीएमआर म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, तिच्या देशभरच्या अभ्यासाचे आकडे २०२३ ला आले, त्यानुसार भारतात १० कोटींच्या वर लोकांना डायबेटिस आहे, मोठ्या माणसांत ११.४ टक्के. आणि याच अभ्यासाच्या २०१७ च्या अहवालात दिसलं होतं की महाराष्ट्र, तमिळनाडू, चंडीगढ अशा पुढारलेल्या भागांतल्या शहरांमध्ये श्रीमंतांपेक्षा गरिबांतच डायबेटिस जास्त आहे.

बारीक माणसाला शुगर होत नाही हे पण तसंच. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं जन्मताच मोजली, वजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडच्या बाळांचं ३.५ च्या आसपास, पण अंगातली चरबी मात्र वजनाच्या मानानं जास्त, कमी होतं ते स्नायू. आईच्या पोटात असताना उपासमार झाली की शरीर आधी मेंदू वाचवतं आणि स्वादुपिंड (रक्तातली साखर उतरवणारं इन्सुलिन तयार करणारा अवयव), स्नायू यांच्यावर काटकसर करतं, आणि मग पुढं तिशी-चाळिशीत थोडंफार खाणं वाढलं तरी तेवढंही त्या शरीराला झेपत नाही. ज्या भागानं ७२ चा दुष्काळ बघितला, त्या भागात तरी ही गोष्ट घरोघर माहिती पाहिजे. कुपोषणातून होणाऱ्या डायबेटिसला आता २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय डायबेटिस फेडरेशननं टाइप ५ म्हणून वेगळी ओळख पण दिली आहे.

मग आजार झाला तर उपचार मिळतो का? वेल्समधल्या कोळसा खाणीच्या गावात काम करणारे डॉ. ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ मध्येच लिहून ठेवलंय की जिथं गरज जास्त तिथं चांगली वैद्यकीय सेवा कमी पोचते. आपल्याकडं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीतून १५ ते ४९ वयाच्या लोकांचा हिशोब निघाला तेव्हा डायबेटिस असलेल्यांपैकी निम्म्यांनाच आपल्याला तो आहे हे माहिती होतं, उपचार घेणारे साधारण ४० टक्के, आणि शुगर आटोक्यात असलेले जेमतेम चौथा हिस्सा. गरीब, कमी शिकलेले, खेड्यातले लोक या प्रत्येक पायरीवर मागं.

पण दवाखाना लांब आहे, पैसे नाहीत एवढ्यावर ही विषमता संपत नाही. मला जे सांगायचंय ते वेगळंच आहे, चिठ्ठीवर जो उपचार लिहितात तोच मुळात वेळेवर जेवणाऱ्या, घरी फ्रिज असलेल्या माणसाचा दिवस धरून लिहिलेला असतो.

बीड, धारूर, केज, वडवणीकडची ऊसतोडीला जाणारी नवरा-बायकोची जोडी डोळ्यासमोर आणा. पहाटे अंधारात कोपीतून, म्हणजे फडावरच्या झोपडीतून निघायचं, नुसता चहा घेऊन, भाकरी खायची दहा-अकराला, कधी बाराला, तोवर ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन गाडीत भरायच्या. आता त्यातल्या एकाला शुगर निघाली आणि ग्लिमेपिराइड मिळाली. ही गोळी स्वस्त आहे, सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, शुगर चांगली उतरवते, म्हणून सगळीकडं देतात. पण ती काम कशी करते बघा, स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायलाच लावते, तुम्ही जेवलात का नाही हे तिला काही घेणं नाही, अगदी मुकादमासारखी. त्यात कामात असलेले स्नायू इन्सुलिनशिवाय सुद्धा रक्तातली साखर ओढून घेतात. पोट रिकामं, काम जड, वरून गोळी, तिन्ही एकत्र आले की शुगर ७० च्या खाली जाते, मग हातपाय थरथरणं, दरदरून घाम, डोळ्यापुढं अंधारी, आणि हातात कोयता असतो. घाम तर तसाही सगळ्यांनाच येतो त्यामुळं कुणाच्या लक्षात पण येत नाही.

असं दोनदा झालं की माणूस गोळी बंद करतो. खाडा पडला की पैसे कापतात, आणि गोळी खाल्ली की काम होत नाही हा त्याचा अनुभव असतो, तो खोटा नाही. आणि दवाखान्यात मात्र शेरा पडतो, पेशंट गोळ्या नियमित घेत नाही. मला याचा खरंच राग येतो. मेटफॉर्मिन ही शुगरचीच दुसरी गोळी, ती एकटी घेतली तर शुगर अशी धोक्याची खाली सहसा जात नाही, ग्लिप्टिन गटातल्या गोळ्यांचं पण तसंच, आणि त्यातल्याच सिटाग्लिप्टिनचं पेटंट २०२२ मध्ये संपल्यापासून ती बरीच स्वस्त झालीय. ग्लिमेपिराइड द्यायचीच तर पहिल्या पोटभर जेवणाबरोबर घ्यायला सांगता येते. फक्त त्यासाठी डॉक्टरनं विचारायला पाहिजे, तुम्ही काम काय करता आणि पहिला घास किती वाजता खाता. (आपल्या मनानं गोळी बदलू नका, पण डॉक्टरनं विचारलं नाही तरी हे स्वतःहून सांगा.)

बायकांचं अजून अवघड. एम्पाग्लिफ्लोझिन, डापाग्लिफ्लोझिन या गोळ्या हृदय आणि किडनी वाचवतात, आता त्याही स्वस्त झाल्यात, पण त्या साखर लघवीवाटे बाहेर काढतात, म्हणजे लघवी वाढते, लघवीच्या जागी खाज, बुरशीचा त्रास होऊ शकतो. फडात संडास नाही, आडोसा नाही म्हणून ज्या बाईनं पाणी पिणंच कमी केलंय तिला ही गोळी कशी झेपणार? म्हणजे औषध चांगलं आहे हे खरं, पण संडास नसेल तर त्याचा उपयोग तिला नाही.

पायाचं तर विचारूच नका. वर्षानुवर्षं शुगर वाढलेली राहिली की पायाच्या नसा मरतात, उसाचा बुडखा तळव्यात घुसला तरी कळत नाही, जखम चिघळते. पायाची संवेदना तपासायला नायलॉनचा एक धागा तळव्याला टेकवून बघतात, तपासणी दोन मिनिटांची, काही खर्च नाही, आणि जाड मऊ तळव्याची एमसीआर चप्पल मिळते. पण आपल्या विमा योजना मुख्यतः ॲडमिट झाल्यावर लागू होतात, त्यामुळं बोटं कापायच्या ऑपरेशनला पैसे मिळतात आणि चप्पल मात्र स्वतःच्या खिशातून.

इन्सुलिनवाल्यांसाठी एक चांगली गोष्ट. न उघडलेली बाटली २ ते ८ डिग्रीत ठेवायची हे बरोबर, पण जिनिव्हा विद्यापीठ आणि डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स यांच्या २०२१ च्या अभ्यासात दिसलं की तापमान २५ ते ३७ मध्ये खालीवर होत राहिलं तरी इन्सुलिनची ताकद चार आठवडे टिकते. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो, पण हवा कोरडी असते म्हणून माठ चांगला गार होतो, बाटली घट्ट डब्यात घालून पाण्याच्या गारव्यात सावलीला ठेवली तर काम भागतं. बर्फात मात्र ठेवायची नाही, गोठलं की इन्सुलिन वाया.

आणि सगळ्यात सोपी गोष्ट जी अजून नीट होत नाही ती ही की ऊसतोडीवाले दिवाळीच्या आगेमागे निघतात ते चार-सहा महिन्यांनी परत येतात, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातनं गोळ्या मिळतात महिन्याभराच्या. आशाताईंकडं गावातल्या तिशीपुढच्या लोकांच्या तपासणीची यादी असते, कुठलं घर फडावर जाणार हे गावात सगळ्यांना माहिती असतं. मग निघायच्या आधी पाय आणि शुगर तपासून, पूर्ण हंगामाच्या गोळ्या आणि कोल्हापूर-सांगलीकडच्या डॉक्टरला दाखवायला मराठीत लिहिलेला एक कागद हातात द्यायला काय हरकत आहे?